मंगळवार, सकाळी अकरा

मी फिजिओथेरपिस्ट आहे, पुण्यात. माझ्याकडे येणाऱ्यांत कथक-भरतनाट्यम करणाऱ्या मुली बऱ्याच असतात. त्यांच्या शिक्षिकाही येतात, पण दुखणं चांगलं जुनं झाल्यावर. पार्किन्सन्स झालेल्यांच्या कथकवर्गातलं हे प्रकरण ज्यांचं आहे त्यांना विद्यार्थिनी ताई म्हणतात, मीही तेच म्हणते. लिहायला त्यांनी होकार दिला तो दोन अटींवर: नाव-पत्ता नको, आणि जे चुकलं ते गुळगुळीत करून सांगायचं नाही. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. घटनाक्रम आहे तसाच ठेवलाय. त्यात एक चूक माझीही आहे, ती तिच्या जागी येईल.

पार्श्वभूमी

ताईंचं वय तेव्हा ४४. सातव्या वर्षी कथक सुरू केलं, मग विशारद, पुढे एम.ए., आणि बाविसाव्या वर्षी राहत्या घरी सहा मुलींचा वर्ग. कथक नृत्यांगना रोहिणी भाटे यांनी १९४७ मध्ये पुण्यात नृत्यभारती ही संस्था सुरू केली तेव्हा मध्यमवर्गीय घरातल्या मुलीनं नाचावं का, हाच प्रश्न होता. आता उपनगरांत दर दोन गल्ल्यांआड कथकचा वर्ग सापडतो. नुसत्या वर्गावर घर चालवणं कठीण, त्यामुळे ताईंच्या कामाला हळूहळू तीन फाटे फुटले.

पहिलं काम परीक्षेच्या वर्गाचं. संध्याकाळी पाच ते साडेआठ, चार बॅच, साठेक मुली. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून विशारदपर्यंतची तयारी. घरखर्च यावर चालतो.

दुसरं नृत्यदिग्दर्शन. म्हणायला मोठा शब्द. प्रत्यक्षात वर्षातले दोन महिने शाळांची गॅदरिंग, अधूनमधून कुणाच्या लग्नाचं संगीत, आणि दोन-तीन वर्षांतून एकदा स्वतःच्या मनासारखी एखादी रचना, जिच्यात खिशातले पैसे जातात. ते पैसे गॅदरिंगमधून येतात.

तिसरं काम पार्किन्सन्स झालेल्यांच्या वर्गाचं. त्याची सुरुवात घरातच झाली. ताईंच्या वडिलांना हा आजार होता आणि ते स्वयंपाकघराच्या दारात अडकायचे. पाय फरशीला चिकटल्यासारखे, धड वाकून पुढे गेलेलं, आणि मागून आई म्हणतेय, ‘अहो, चला ना.’ एकदा ताईंनी सवयीनं मांडीवर ताल धरून ‘ता थेई थेई तत्’ म्हटलं आणि वडिलांचा उजवा पाय उचलला गेला. दुसऱ्या ‘थेई’ला डावा.

यात चमत्कार नाही. पार्किन्सन्समध्ये मेंदूतल्या डोपामिन तयार करणाऱ्या पेशी कमी होत जातात आणि चालण्यासारख्या एरवी आपोआप होणाऱ्या हालचाली आतून सुरूच होत नाहीत. बाहेरून ठेका मिळाला, किंवा जमिनीवर ओलांडायला एखादी रेघ दिसली, की शरीराला दुसऱ्या वाटेनं सुरुवात सापडते. आम्ही फिजिओ हे मेट्रोनोमनं करतो. तबल्यानं कितीतरी चांगलं होतं. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये मार्क मॉरिस यांच्या नृत्यसंस्थेनं २००१ मध्ये पार्किन्सन्स असलेल्यांसाठी नृत्यवर्ग सुरू केला आणि तो प्रकार पुढे अनेक देशांत पोचला. पुण्यातही पार्किन्सन्स मित्रमंडळाच्या सदस्यांसोबत नर्तक हृषीकेश पवार यांनी असे वर्ग घेतलेले आहेत. ताईंनी हे सगळं नंतर वाचलं. वडील गेल्यावर वर्षभरानं त्यांनी मंगळवार आणि शुक्रवार, सकाळी अकरा असा वर्ग सुरू केला. सहभागी अकरा जण, सर्वांत लहान ५८ वर्षांचे. फी हॉलच्या भाड्यापुरती, आणि दोघांकडून तीही नाही.

त्या वर्गात काय चालायचं

हे थोडं सविस्तर सांगते, कारण पुढचं सगळं यावर अवलंबून आहे.

हॉल जुन्या वाड्याच्या तळमजल्यावरचा, शहाबादी फरशीचा. फरशीचे सांधे ठळक, साधारण पावला-पावलावर. नव्या माणसाला ताई सांगायच्या, ‘दर ठेक्याला एक रेघ ओलांडायची.’ खुर्च्या लोखंडी, हातांच्या, प्लॅस्टिकच्या सरकतात. पहिली वीस मिनिटं बसूनच तत्कार, म्हणजे पायांचे ठेके. मग हस्तक. बोटं ताणून उघडायची, अंगठा एकेका बोटाला टेकवायचा. एक काकू म्हणाल्या की ब्लाउजची हुकं पुन्हा स्वतः लावते. मी ते माझ्या वहीत लिहून ठेवलंय.

मला सर्वांत आवडायची पढंत, म्हणजे तालाचे बोल तोंडानं म्हणणं. या आजारात आवाज बारीक आणि सपाट होतो, घरचे सतत ‘काय म्हणालात?’ विचारतात आणि माणूस बोलणंच कमी करतो. इथे अकरा जण एकदम सोळा मात्रांच्या तीनतालाचे बोल म्हणायचे, हातावर टाळी आणि खाली (बिनटाळीची मात्रा) दाखवत. तिहाई आली की आवाज चढायचा. तीच ओळ तीनदा येते आणि शेवट समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर पडतो, त्यामुळे पुढे काय येणार हे शरीराला आधीच ठाऊक असतं.

चक्कर मात्र ताईंनी पूर्ण काढून टाकले. कथकच्या माणसानं चक्कर सोडायचे म्हणजे काय ते नाचणाऱ्यांना कळेल. पण जागच्या जागी वळताना हे लोक पडतात, म्हणून वळायचं ते मोठ्या अर्धवर्तुळात चालत.

पहिला निर्णय: एक शब्द

जूनमध्ये ताईंनी पत्रक छापलं, ‘पार्किन्सन्ससाठी कथक नृत्योपचार’. मी हरकत घेतली. नृत्योपचार हे स्वतंत्र शिक्षण आहे; मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेनं त्याचा अभ्यासक्रम चालवलेला आहे. ताईंनी ते शिक्षण घेतलेलं नव्हतं. त्या उत्तम कथक शिकवत होत्या, आणि त्याचा लोकांना उपयोग होत होता. या दोन गोष्टींची बेरीज ‘उपचार’ होत नाही.

ताईंचं म्हणणं वेगळं होतं. ‘नाच म्हटलं की सत्तरीची माणसं येतच नाहीत. लाजतात. उपचार म्हटलं की मुलगा गाडीतून आणून सोडतो.’ हे खरंच होतं. पत्रक तसंच राहिलं. ऑगस्टमध्ये एका सहभागी आजोबांच्या मुलानं मला विचारलं, ‘मग आता गोळ्या कमी होतील ना?’ मी नाही म्हणून सांगितलं, डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी हलवायची नाही असंही सांगितलं, ताईंना फोन केला, आणि विषय तिथेच थांबला.

डिसेंबर

गांधर्व मंडळाच्या परीक्षांचं एक सत्र नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये येतं. शाळांची गॅदरिंगही त्याच दिवसांत. त्या वर्षी ताईंनी तीन शाळा घेतल्या होत्या, मिळून एकवीस नाच. शाळांना तालमीसाठी सकाळची वेळ हवी होती, कारण दुपारी मुलांच्या बस सुटतात.

म्हणून मंगळवारचा अकराचा वर्ग महिन्यापुरता दुपारी साडेचारला नेला. साडेचारला नेहमीचा हॉल मिळेना, तेव्हा जवळच्या एका सोसायटीचं सभागृह घेतलं. स्वच्छ, उजेडाचं, मोठ्या चकचकीत टाइल्सचं. ताईंनी मला फोन करून विचारलं, ‘चालेल ना?’ मी म्हणाले, ‘चालेल, फक्त खुर्च्या भिंतीला लावून ठेवा.’ माझी चूक ती हीच. मी खुर्च्यांचं विचारलं, गोळ्यांचं विचारलं नाही.

डिसेंबरच्या दुसऱ्या मंगळवारी वर्गात नवा तुकडा बसवायचा होता. सोसायटीच्या जानेवारीतल्या कार्यक्रमात या मंडळींनी पाच मिनिटं काहीतरी करावं, असं ठरलं होतं. सकाळी शाळेत शंभर मुलं नाचवून ताई आल्या होत्या. त्यांच्याच शब्दांत, ‘माझी लय शाळेतच अडकली होती.’ तुकडा विलंबितात, म्हणजे संथ लयीत, दोनदा झाला, छान झाला. तिसऱ्यांदा त्यांनी लय दुप्पट केली.

पुढच्या रांगेतले ७१ वर्षांचे काका निवृत्त शिक्षक, वर्गातले सर्वांत उत्साही. लय वाढताच त्यांची पावलं लांब पडायच्या ऐवजी आखूड आणि घाईची होऊ लागली, टाचा उचलल्या गेल्या, धड पायांच्या पुढे निघालं. पार्किन्सन्समध्ये हे होतं. एकदा सुरू झालं की माणसाला स्वतःहून थांबता येत नाही. त्यांच्या पत्नी, काकू, भिंतीपाशी बसल्या होत्या, त्यांनी धावत जाऊन सदऱ्याला धरलं. काका डाव्या गुडघ्यावर आले. गुडघा खरचटला, मनगट जरा मुरगळलं, एवढ्यावर निभावलं.

ताई त्यांना उठवायला वाकल्या आणि त्यांनाच उठता येईना. उजव्या नडगीत तीन आठवडे ठणका होता. घुंगरू बांधले की कमी वाटतो, असं स्वतःची समजूत घालून त्या दिवस काढत होत्या.

अडचण नेमकी कुठे होती

दोन दिवसांनी त्या माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांच्या लेखी हे दोन वेगळे अपघात होते, काकांचा आणि त्यांचा. मला तसं वाटलं नाही.

काकांची लेव्होडोपाची, म्हणजे पार्किन्सन्सच्या मुख्य औषधाची, गोळी सकाळी आठ, दुपारी साडेबारा आणि संध्याकाळी पाचला. अकरा वाजता गोळीचा असर टिकून असायचा, हालचाल मोकळी असायची. साडेचारला गोळीचा जोर ओसरलेला आणि पुढची गोळी अर्ध्या तासावर. वर्गातल्या अकरापैकी सात जणांची घड्याळं थोड्याफार फरकानं अशीच होती. तीन वर्षं अकराची वेळ योगायोगानं बरोबर पडली होती, म्हणून ती बरोबर का आहे हे कुणी पाहिलंच नव्हतं. त्यात नव्या सभागृहाच्या मोठ्या टाइल्सवर ओलांडायला रेघा नव्हत्या. वर लय.

ताईंच्या नडगीवर आतल्या बाजूला एका ठिकाणी बोट ठेवलं की त्या दचकत. एक्स-रे स्वच्छ आला, जो अशा दुखण्यात सुरुवातीला बहुतेकदा येतो. एमआरआयमध्ये हाडाला सूज दिसली, भेग पडायच्या आधीची पायरी. ड जीवनसत्त्वही बरंच कमी निघालं. कारण शोधायला लांब जावं लागलं नाही: नोव्हेंबरपासून सकाळी चार तास शाळेच्या सिमेंटच्या स्टेजवर अनवाणी, आणि संध्याकाळी साडेतीन तास तत्कार. विशारदच्या मुलींना घुंगरूंसह द्रुत तत्कार करून दाखवणं हा त्यांचा अभिमानाचा भाग होता.

परीक्षेची तारीख मंडळ ठरवतं, गॅदरिंगची तारीख शाळा. हलवता येण्यासारखी एकच गोष्ट उरते, सर्वांत कमी पैसे देणारा वर्ग. म्हणून तो हलला. पण तीन कामांपैकी ज्याची वेळ औषधानं बांधलेली होती ते काम तेच होतं.

पर्याय

माझ्या प्रिस्क्रिप्शन पॅडच्या मागे आम्ही चार गोष्टी लिहिल्या.

सर्वांत सोपं होतं पार्किन्सन्सचा वर्ग जानेवारीअखेरपर्यंत बंद ठेवणं. पैशाचं नुकसान जवळजवळ नाही, कुणी तक्रारही केली नसती. ताईंनी ते तिथेच खोडलं. ‘मुलगी दोन महिने आली नाही तर मी तिला पुन्हा बसवते. यांचे दोन महिने मी कुठून भरून आणू?’

दुसरं, शाळा मोठ्या विद्यार्थिनींवर सोपवायच्या. अडचण अशी की मुख्याध्यापिकांना ताई हव्या असतात, आणि विद्यार्थिनींची स्वतःची परीक्षा त्याच महिन्यात. तिसरं, विशारदची बॅच थांबवायची. परीक्षा दारात असताना हे बोलण्यातही अर्थ नव्हता.

चौथं ताईंचं आवडतं: सगळं चालू ठेवायचं, पण बसून. मी त्यांना वर्गात पाहिलंय. ‘हे बघ’ म्हणायच्या आत त्या उभ्या राहिलेल्या असतात. मी याला पर्याय मानायला तयार नव्हते आणि त्यावरून आमची थोडी वादावादी झाली. त्या म्हणाल्या, ‘तू मला नाचू नको म्हणतेयस.’ मी म्हणाले, ‘सहा ते आठ आठवडे, हो.’ त्या रडल्या नाहीत, चिडल्या. पॅडवरचा चौथा पर्याय त्यांनी खोडला, पण इतका दाब देऊन की कागद फाटला.

काय केलं

पार्किन्सन्सचा वर्ग पुढच्याच मंगळवारी अकरा वाजता जुन्या हॉलवर परत आला. त्यासाठी तीनपैकी एक शाळा सोडावी लागली. सात नाच बाकी असताना सोडली, आगाऊ रक्कम परत केली. शाळेनं पुन्हा बोलावलं नाही, आणि त्यात शाळेचं काही चुकलं असं मला वाटत नाही. दुसऱ्या दोन शाळांत विशारद झालेल्या दोन जुन्या विद्यार्थिनी गेल्या, प्रत्येक नाचामागे ठरलेलं मानधन घेऊन. ताई खुर्चीत, हातानं ताल धरून.

संध्याकाळच्या वर्गात ताईंनी घुंगरू काढून ठेवले. तत्कार पढंतीवर शिकवायचा, करून दाखवायचा तो एका मुलीनं आणि बाकीच्यांनी तिच्या चुका सांगायच्या. तळमजल्याच्या फरशीवर लाकडी तक्ते टाकायचा खर्च त्या वर्षी झेपला नाही. मुलींसाठी घुंगरू आठवड्यातून एकच दिवस बांधायचे ठरले. चवळीच्या शेंगेसारख्या पोरींच्या नडग्या माझ्याकडे येणं त्यानंतर कमी झालं, हे मी जाता जाता नोंदवते.

पत्रकावरचा ‘नृत्योपचार’ हा शब्द अखेर गेला. आता लिहिलंय, ‘पार्किन्सन्स असलेल्यांसाठी कथकचा वर्ग. औषधं आणि डॉक्टरांचा सल्ला चालू ठेवूनच यावं.’ सोबत एक पानी फॉर्म: डॉक्टरांचं पत्र, घरच्यांचा नंबर, गेल्या सहा महिन्यांत पडला होतात का, आणि गोळ्यांच्या वेळा. वेळांचा रकाना सर्वांत मोठा ठेवलाय. लयीची एक वरची मर्यादा ठरवली. उभ्यानं करताना तिच्यापुढे जायचं नाही, बसून हवं तेवढं जा.

पुढे काय झालं

नडगी नवव्या आठवड्यात शांत झाली. फेब्रुवारीअखेर ताईंनी पाच मिनिटं तत्कार केला, त्यातली चार मी घड्याळ धरून समोर उभी होते.

पैशाचं गणित मात्र बसलं नाही. गॅदरिंगच्या हंगामातली जवळपास तिसरा हिस्सा कमाई गेली. पुढच्या वर्षीची रचना, जिचं संगीत अर्धं रेकॉर्ड झालं होतं, ती अजून अर्धीच आहे. परीक्षेत मुली चांगल्या पास झाल्या, पण एका आईनं मुलीला काढून घेतलं: ‘ताई आता स्वतः नाचतच नाहीत, नुसतं बोलून शिकवतात.’ हे वाक्य ताईंना नडगीपेक्षा जास्त लागलं.

शाळांत गेलेल्या दोघींपैकी एकीनं जूनमध्ये स्वतःचा वर्ग काढला. ताईंच्या चौदा मुली तिकडे गेल्या. काहीही लिखित ठरलेलं नव्हतं, त्यामुळे कुणी कुणाला काय म्हणणार? दोघी आता सभागृहात भेटल्या तर नमस्कार करतात, तेवढाच.

काका तीन महिने आले नाहीत. दुखापत कधीच बरी झाली होती. भीती बसली होती. काकूंनी फोनवर सांगितलं, ‘ते घरात बोल म्हणतात, पण पंखा मोठ्यावर ठेवून, मला ऐकू जाऊ नये म्हणून.’ ताई त्यांच्या घरी दोनदा गेल्या. झाल्या गोष्टीत चूक कुणाची ते पहिल्या भेटीत स्वच्छ सांगून टाकलं, दुसऱ्या भेटीत नुसता चहा घेतला. मार्चमध्ये काका आले. ते आता पूर्ण वर्ग बसून करतात.

पुन्हा करायचं तर

गोळ्यांच्या वेळा पहिल्या दिवशी विचारायला हव्या होत्या, आणि ते विचारणं माझं काम होतं. ताईंना तालाचा तास कळतो, औषधाचा तास मला कळायला हवा होता. तीन वर्षं मी त्या वर्गात कौतुक करणारी पाहुणी म्हणून जात होते.

शाळांशी बोलणी जुलैमध्ये होतात. तेव्हाच ‘मंगळवार-शुक्रवार सकाळी मी नाही’ हे सांगितलं असतं तर शाळा अर्ध्यावर सोडायची वेळ आली नसती. ताईंनी तेव्हा सांगितलं नाही, कारण तो वर्ग त्यांना स्वतःलाही ‘काम’ वाटत नव्हता. वडिलांसाठीचं काहीतरी वाटत होता. त्यामुळे त्याची फीही तशीच राहिली. फी वाढवावी की नाही यावर आमचं अजून एकमत नाही. ज्यांना परवडते त्यांनी पूर्ण द्यावी असं माझं मत आहे. ताई म्हणतात, मग उरलेले दोघं यायचे थांबतील.

सहायक विद्यार्थिनींशी करार हवा होता का? कागदावर हवाच होता. पण चौदा वर्षांची असल्यापासून शिकवलेल्या मुलीसमोर स्टॅम्पपेपर ठेवणं ताईंना आजही जमेल असं वाटत नाही.

एक गोष्ट अजून अर्धवटच आहे. ताई आजारी पडल्या तर अकराचा वर्ग कोण घेणार? सध्या माझ्याकडची इंटर्न जाते. तिला तोल, पकड, उठवण्याची पद्धत सगळं नीट येतं. तीनताल येत नाही. मागच्या शुक्रवारी ती मोजताना चौदावरच थांबली आणि पुन्हा एकपासून सुरू झाली. काकांनी खुर्चीतूनच हात वर केला आणि राहिलेल्या दोन मात्रा मोठ्यानं म्हणून तिला समेवर आणून सोडलं.